मिक्स ब्रीड कुत्रं आणि मुंबईतलं घर : आधी काय, मग काय

फोन बहुतेक वेळा पिल्लू घरी येऊन तीन महिने झाले की येतो. "हुशार आहे हो खूप. बस म्हटलं की बसतं, शेकहँड देतं. पण सोफ्यामागे मुततं, बेल वाजली की घर डोक्यावर घेतं आणि खाली नेलं की मलाच फरफटत नेतं." मग मी विचारते, शेकहँड कधी शिकवलंत? उत्तर ठरलेलं: पहिल्याच आठवड्यात.

तिथेच क्रम चुकला.

मी लालबागला चौथ्या मजल्यावर, साडेचारशे चौरस फुटांत राहते. घरात सहा माणसं आणि बोंबील. बोंबील म्हणजे आमचा लॅब्राडोर आणि गावठी यांचा मिक्स. आला तेव्हा बरगड्या मोजता येत होत्या म्हणून हे नाव पडलं. आता ते त्याला अजिबात शोभत नाही. शिवाय कुणीतरी टाकून दिलेलं एखादं पिल्लू अधूनमधून महिना-दोन महिने सांभाळते आणि घर बघून देते. खालचा क्रम या सगळ्यांनी माझ्याकडून करवून घेतलेल्या चुकांतून ठरला आहे. एक टप्पा पक्का झाल्याशिवाय पुढचा घेऊ नका. अपवाद टप्पा ७ मधल्या कडेवरच्या फेऱ्यांचा, त्या लशी पूर्ण व्हायच्या आतच करायच्या असतात. सगळं मिळून सहा-सात महिने लागतात. मोठं कुत्रं दत्तक घेतलं असेल तरी क्रम हाच, फक्त काही टप्पे भरभर जातात.

टप्पा १ : घरच्यांची शिकवणी (पिल्लू येण्याच्या आठ दिवस आधी)

पिल्लाला शिकवण्याआधी घरच्यांना शिकवावं लागतं आणि हे काम जास्त अवघड आहे. आजी गुपचूप पोळी देणार, मुलगी सोफ्यावर घेणार, बाबा सोफ्यावरून ढकलणार. पिल्लाने समजायचं काय?

१. सगळे घरात असताना पंधरा मिनिटं बसा आणि एका कागदावर लिहा: सोफ्यावर चालेल की नाही, स्वयंपाकघरात यायचं की नाही, ताटातलं द्यायचं की नाही (नाही), सकाळी खाली कोण नेणार, रात्री कोण. कागद फ्रिजवर लावा.

२. शब्द ठरवा. सुरुवातीला चारच पुरतात: बसण्याचा, तोंडातलं टाकण्याचा, जवळ येण्याचा आणि आपल्या गादीवर जाण्याचा. इथे मराठी घरात एक खास घोळ होतो. आम्ही आधी 'बस' हा शब्द घेतला होता. मग एका रात्रीच्या जेवणात लक्ष ठेवलं. आजी म्हणाली, "बस बस, भात नको." बाबा टीव्हीला म्हणाले, "बस झालं आता." मी मुलीला म्हटलं, "गप बस." बोंबील प्रत्येक वेळी मान वर करून बघायचा, काहीच घडायचं नाही आणि चार दिवसांत तो शब्द त्याच्यासाठी पंख्याच्या आवाजासारखा झाला. 'ये'चं तर त्याहून वाईट. "इकडे ये बघू जरा" हे आपण कोणत्या सुरात म्हणतो ते आठवा. शेवटी आम्ही बसण्यासाठी 'बैठ', टाकण्यासाठी 'सोड', येण्यासाठी 'धाव' आणि जागेसाठी 'गादी' असे शब्द घेतले. कुत्र्याशी इंग्रजीतच का बोलायचं, असं बाबा विचारतात. नकाच बोलू. शब्द घरात एरवी सारखा वापरला जात नसावा आणि सगळ्यांनी तोच वापरावा, बास.

३. घर पिल्लाच्या उंचीवरून बघा. खरंच जमिनीवर बसून बघा. लोंबणाऱ्या चार्जरच्या वायरी, फिनेल, उंदराचं औषध, चपलांचा रॅक, खालच्या कप्प्यातली कांद्याची टोपली. ग्रिलच्या दोन गजांमधून पिल्लाचं डोकं जात असेल तर अंगही जाऊ शकतं. बाल्कनीला खालून तीन फूट तरी जाळी हवी.

४. सामान थोडंच आणा: अंगावर घट्ट बसणारा हार्नेस, गळ्यातला पट्टा आणि त्याला फोन नंबरचा बिल्ला, दीड-दोन मीटरची साधी दोरी, दोन जड वाट्या, एक जाडसर गादी, एक उथळ मोठा ट्रे. बटण दाबलं की लांब होणारी दोरी घेऊ नका. आपल्या रस्त्यांवर ती रिक्षाच्या चाकात जाते.

५. सोसायटीला लेखी कळवा. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या परिपत्रकानुसार सोसायटीला सर्वसाधारण सभेत ठराव करूनसुद्धा पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट वापरायलाही मनाई करता येत नाही. त्याची प्रत फाइलला असू द्या, पण पहिल्या भेटीत सेक्रेटरींच्या तोंडावर फडकवू नका. महापालिकेचा परवानाही काढावा लागतो. त्यासाठी रेबीजच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून ते जपून ठेवा.

पुढे जाण्याआधी तपासा: घरातल्या सगळ्यांना चारही शब्द कागद न बघता सांगता येतात का? आमच्याकडे आजोबांना यायला पाच दिवस लागले.

टप्पा २ : पहिले तीन दिवस काहीच नाही

आंघोळ नको, शेजाऱ्यांची रांग नको, रील नको, 'बैठ'ही नको. खाणं, झोपणं, शू-शी आणि तुमचा वास ओळखणं एवढंच. लहान पिल्लू दिवसातले अठरा-वीस तास झोपतं. त्याला सतत उठवलं की ते किरकिरं होतं, चावत सुटतं आणि मग लोक म्हणतात की रागीट आहे.

खाणं आधीच्या घरी जे होतं तेच पहिले चार-पाच दिवस द्या, मग हळूहळू बदला. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चारदा, सहा महिन्यांपर्यंत तीनदा, नंतर दोनदा. दूध-पोळी आणि बिस्किटं यांच्यावर वाढवलेलं पिल्लू गुबगुबीत दिसतं, पण त्यात प्रथिनं पुरेशी नसतात आणि बऱ्याच कुत्र्यांना दूध पचत नाही. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं आणि बेदाणे विषारी आहेत. बेदाण्यांचं लोकांच्या लक्षात राहत नाही. प्रसादाचा शिरा, सारणातले बेदाणे, "एवढ्याशाने काय होतं" असं म्हणत देतात. शिजवलेली हाडं देऊ नका, ती अणकुचीदार तुटतात.

डॉक्टरकडे मात्र पहिल्या दोन दिवसांतच जा. परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाईंचं जुनं रुग्णालय आहे, पण घराजवळचा, रात्री फोन उचलणारा डॉक्टर शोधून ठेवणं जास्त उपयोगाचं. पार्व्हो, डिस्टेंपर, लेप्टो वगैरे संसर्गजन्य रोगांची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस असतो. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांना. जंताचं औषधही त्याच वहीत लिहा.

इथे एक विषयांतर. "कशाचा क्रॉस आहे?" हा प्रश्न तुम्हाला वॉचमनपासून मामेसासऱ्यांपर्यंत सगळे विचारतील. उत्तर द्या, पण त्यावर विश्वास ठेवू नका. कान लॅब्राडोरचे दिसतात म्हणून स्वभाव लॅब्राडोरचा असतोच असं नाही. नावापेक्षा वागणं बघा: मांजर दिसली की अंग ताठ होतं का? अनोळखी माणूस आला की मागे सरतं की पुढे जातं? तोंडात सतत काही लागतं का? दोन आठवडे टिपून ठेवा. पुढचे सगळे टप्पे या टिपणावर बेतायचे आहेत. गावठी रक्त जास्त असलेली कुत्री सहसा सावध असतात, अनोळखी माणसाने एकदम डोक्यावर हात ठेवलेला त्यांना खपत नाही. तो दोष समजू नका. आणि मिक्समध्ये हस्कीसारखी दाट दुहेरी लव आली असेल तर उकडतंय म्हणून भादरू नका. विंचरून खालची सुटी लव काढा, सावली आणि पंखा द्या.

टप्पा ३ : शू आणि शी

नव्वद टक्के भांडणं इथे होतात (हा आकडा माझा, घरातल्या अनुभवाचा).

मूळ अडचण मुंबईची आहे. लशी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला खाली जमिनीवर सोडायचं नाही, कारण पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. म्हणजे आधी घरात शिकवायचं आणि मग तेच मोडून बाहेर शिकवायचं. हे दोनदा करावं लागू नये म्हणून सुरुवातीपासून नीट रचना करा.

१. वर्तमानपत्र वापरू नका. पिल्लू जागा लक्षात ठेवतं, त्याहून जास्त पायाखालचा पृष्ठभाग लक्षात ठेवतं. पेपरवर शिकलेलं पिल्लू कोणत्याही पेपरवर करतं. आमच्याकडे एका रविवारी बाबांच्या हातातून पुरवणी घसरून खाली पडली आणि ते चष्मा पुसून होईपर्यंत ती ओली झाली होती.

२. ट्रेमध्ये तेच ठेवा जे तुमच्या इमारतीखाली आहे. खाली माती असेल तर माती, गवत असेल तर गवताचा तुकडा. आमच्याकडे खाली सगळीकडे पेव्हर ब्लॉक. दोन पेव्हर ब्लॉक वर आणून ट्रेमध्ये ठेवले. वॉचमनला वाटलं मी वेडी आहे. पण नंतर खाली नेल्यावर बोंबीलला दुसऱ्याच दिवशी उमगलं.

३. वेळा ठरलेल्या असतात: झोपून उठल्या उठल्या, खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी, खेळ थांबल्यावर, रात्री झोपण्याआधी. पिल्लाच्या वयाचे महिने अधिक एक, इतके तास ते जास्तीत जास्त धरू शकतं. ही वरची मर्यादा आहे, वेळापत्रक नाही. तीन महिन्यांच्या पिल्लाला जागेपणी दर दीड-दोन तासांनी न्यायला हवं.

४. उचलून न्या, ट्रेवर ठेवा, एकदाच "शू कर" म्हणा आणि गप्प उभे राहा. झालं की तिथेच, त्याच क्षणी खाऊ. स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडून आणेपर्यंत पिल्लाला वाटतं की खाऊ चालत आल्याबद्दल मिळाला. खाऊ खिशात ठेवा.

५. घरभर मोकळं सोडू नका. नजरेसमोर, नाहीतर छोट्या कुंपणात. गोल गोल फिरून जमीन हुंगायला लागलं की उचला.

सावधान: चुकीच्या जागी केली तर नाक घासणं, पेपरची गुंडाळी, ओरडणं यातलं काहीही करू नका. पिल्लू यातून एवढंच शिकतं की तुमच्यासमोर करणं धोक्याचं. मग ते सोफ्यामागे जातं आणि खाली नेल्यावरही तुमच्यासमोर करत नाही. सोफ्यामागचे डाग बहुतेक वेळा असेच तयार झालेले असतात.

पुसायला फिनेल पुरत नाही. आपल्या नाकाला वास गेला असं वाटतं, कुत्र्याला तो तिथेच येत असतो. एन्झाइमचं क्लीनर मिळतं ते वापरा.

खाली न्यायला लागल्यावर ट्रेमधला शूचा वास असलेला ब्लॉक किंवा मूठभर माती बरोबर न्या. ठरलेल्या एकाच जागी पाच-सात मिनिटं उभे राहा. फिरणं शू झाल्यानंतर. बरेच जण उलटं करतात: फिरवत राहतात आणि झाली की लगेच वर. कुत्रं दोन दिवसांत शिकतं की शू केली की मजा संपते आणि मग धरून ठेवतं. शी उचलायला पिशवी हवीच. तुमच्या कुत्र्याविरुद्धची अर्धी तक्रार त्या पिशवीने मिटते.

तपासा: सलग चौदा दिवस घर कोरडं? मगच आणखी एक खोली मोकळी करा. महिनाभर नीट चाललेलं अचानक बिघडलं, थेंबथेंब होऊ लागलं, तर शिकवणी थांबवून लघवीची तपासणी करा.

टप्पा ४ : एकटं राहणं

पहिला आठवडा सगळे सुट्टी घेतात, पिल्लू चोवीस तास मांडीवर. सोमवारी सगळे नऊच्या गाडीला पळतात. शेजारीण संध्याकाळी सांगते, दिवसभर रडत होतं.

घरात माणसं असतानाच हे सुरू करा. गादीवर चघळायला काहीतरी द्या, दुसऱ्या खोलीत जा, दहा सेकंदांत या. काही बोलू नका. मग अर्धं मिनिट, दोन मिनिटं, पाच. मग दाराबाहेर. कडी लावायची, उघडायची. चावीचा आवाज, पर्स उचलणं, बूट घालणं हे सगळं दिवसातून पाच-सहा वेळा उगाचच करा आणि परत खुर्चीत बसा, म्हणजे त्या आवाजांतला अर्थच निघून जातो. जाताना गळाभेट नको आणि आल्यावर आरती नको.

रडणं सुरू झालं तर तुम्ही उडी मोठी घेतलीत. मागच्या वेळेवर जा. जुना फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवा, खरं काय घडतं ते कळतं. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला आठ तास एकटं ठेवणं कोणत्याही पद्धतीने जमत नाही. दुपारी कुणीतरी येईल अशी सोय आधी लावा.

टप्पा ५ : दात आणि गुरगुर

साधारण चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडायला लागतात, सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के येतात. तोवर चावणं चालूच राहणार. हात मागे खेचला की खेळ वाढतो. हात ढिला सोडा, उठा, पाठ करा, वीस सेकंद कुणीच नाही. मग खेळणं द्या. ओला फडका पिळून, पीळ घालून फ्रिजरमध्ये ठेवा. हिरड्यांना बरं वाटतं आणि खर्च शून्य. जुनी चप्पल खेळायला देऊ नका. जुनी कोणती, नवी कोणती, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आता महत्त्वाचं. गुरगुरलं म्हणून मारू नका. गुरगुर म्हणजे "पुरे, लांब राहा" असं सभ्यपणे सांगणं. ते मारून बंद केलं की कुत्रं सूचना न देता चावायला शिकतं. गुरगुरलं की थांबा, लांब व्हा आणि कशामुळे झालं ते शोधा.

खाताना वाटीत हात घालून 'मालक कोण' दाखवू नका. उलट जाता-जाता वाटीत चिकनचा एक तुकडा टाका आणि पुढे जा. दोन आठवड्यांत हात जवळ आला की शेपूट हलायला लागते.

लहान मुलं असतील तर तीन नियम: झोपलेल्या कुत्र्याला हात नाही, खाणाऱ्या कुत्र्याला हात नाही, कुत्र्याला मिठी नाही. मोठं माणूस खोलीत नसेल तर मूल आणि कुत्रं एका खोलीत नाहीत.

घरच्या कुत्र्याचा दात लागून रक्त आलं तरी जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. हळद, चुना, मिरची लावू नका. पालिकेच्या रुग्णालयांत रेबीजची लस मिळते.

टप्पा ६ : आता शब्द

उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे तुकडे. शाकाहारी घरात पनीर. जेवणाआधी, भूक असताना. एका वेळी तीन मिनिटं, दिवसातून चारदा. अर्ध्या तासाचा क्लास घेतला की शेवटची वीस मिनिटं ते दुर्लक्ष करायला शिकतं.

'बैठ': तुकडा नाकाशी धरा, हळूच डोक्यावरून मागे न्या. नाक वर, बूड खाली. बूड टेकलं त्या क्षणी तुकडा. शब्द अजून बोलू नका. दहापैकी नऊ वेळा हाताने जमायला लागलं की मग आधी शब्द, लगेच हात. शब्द एकदाच म्हणायचा. "बैठ, बैठ, अरे बैठ ना" असं पाच वेळा म्हटलं की तो पाचव्याची वाट बघतो. कंबर दाबून बसवू नका.

'सोड': एका हातात साधी पोळी, दुसऱ्यात चिकन. पोळी तोंडात धरू द्या, चिकन नाकाशी आणा, पोळी सुटली की 'सोड' म्हणून चिकन द्या आणि पोळीही परत द्या. परत देणं विसरू नका. रस्त्यावर हाड तोंडात घेतलेल्या कुत्र्यामागे धावून जबडा उचकटणारी माणसं सगळीकडे दिसतात. त्यांचं कुत्रं पुढच्या वेळी हाड सरळ गिळतं.

'धाव': घरात, दोन माणसं, दोन टोकांना. हाक, आलं की तुकडा, सोडून द्या. हा शब्द आंघोळीसाठी, औषधासाठी, रागावण्यासाठी कधीही वापरायचा नाही. त्या कामांसाठी स्वतः उठून जा. खाली न्यायला लागल्यावर लांब दोरी बांधून सराव करा. आरेत, बोरिवलीत, मुलुंडच्या डोंगराकडच्या बाजूला राहत असाल तर कुत्रं कितीही शहाणं झालं तरी अंधारात मोकळं सोडू नका, तिथे बिबट्या आहे.

'गादी' सावकाश शिकवा. बेल वाजली की गादीवर जायचं, तिथे खाऊ मिळतो. आधी बेल घरच्यांनीच वाजवायची, दिवसातून दहा वेळा. आमच्या मजल्यावरच्या काकूंनी पहिल्या दिवशी दार उघडून विचारलं, "कुणाकडे लग्न आहे का?"

टप्पा ७ : जिना, लिफ्ट, गल्ली

लशी पूर्ण व्हायच्या आतच एक गोष्ट करायची असते आणि ती नेमकी राहून जाते. पिल्लाला जग ओळखीचं करून द्यायचा काळ तीन ते साधारण चौदा आठवडे वयाचा. म्हणून जमिनीवर न ठेवता, कडेवर घेऊन फिरवा. बस, हातगाडी, छत्र्या, कोळणीची पाटी, हेल्मेट घातलेला माणूस, लिफ्टच्या दाराची कडकड. लांबून दाखवा, खाऊ द्या, घरी या. पाच-दहा मिनिटं पुरेत.

दोरीला सवय घरातच. मग जिन्यात. मग आवारात. दोरी ताणली की तुम्ही खांब व्हा. ढिली पडली की चाला. पहिल्या दिवशी गेटपर्यंत जायला वीस मिनिटं लागतील, म्हणून ऑफिसच्या आधीच्या घाईत हे करू नका. ओढल्यावर एकदा जरी पुढे गेलात तर ओढणं कामाला येतं हे पक्कं होतं.

लिफ्टमध्ये कुत्रं कोपऱ्यात, तुम्ही त्याच्या आणि माणसांच्या मध्ये. दार उघडायच्या आधी 'बैठ'. बाहेर कुणी थांबलं असेल तर विचारा, "येताय की आम्ही नंतर जाऊ?" भीती वाटणाऱ्या माणसाला "काही करत नाही हो" म्हणू नका, त्याची भीती त्याने जात नाही, तुमच्याबद्दलचा राग वाढतो.

गल्लीतली कुत्री हा मोठा विषय. प्रत्येक टोळीची हद्द ठरलेली असते आणि तुमचं कुत्रं रोज तिच्यातून जाणार असतं.

१. आधी आठवडाभर एकटेच त्या रस्त्याने जा. कोण कुठे झोपतं, किती वाजता कोण खायला घालतं ते बघा. खायला घालण्याच्या वेळेला तिथून जाऊ नका.

२. खायला घालणाऱ्यांशी ओळख करा. कानाला खाच असेल तर त्या कुत्र्याची नसबंदी झालेली आहे, त्या वेळी रेबीजची लसही देतात.

३. टोळी धावून आली तर पळू नका, दगड उचलू नका, पिल्लाला झटक्यात डोक्यावर घेऊ नका, त्याने बाकीची उड्या मारतात. दोघांच्या मध्ये उभे राहा, अंग तिरकं ठेवा, नजर रोखू नका आणि आलात त्याच वाटेने सावकाश मागे सरा.

४. एक-दोन नेहमीच्या कुत्र्यांशी लांबून, समांतर चालत ओळख होऊ द्या. पंधरा फुटांवरून सुरुवात करा.

टप्पा ८ : ऊन, पाऊस, ढोल

उन्हाळ्यात तळहाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवा. टेकवता आली नाही तर कुत्र्याच्या पायांनाही तो रस्ता नको. सकाळी आठच्या आत, संध्याकाळी डांबर गार झाल्यावर.

पावसात साचलेल्या पाण्यातून नेऊ नका. उंदरांच्या मुतातून लेप्टो पसरतो, कुत्र्याला होतो आणि त्याच्याकडून माणसालाही. लेप्टोचा डोस पावसाळ्याआधी झालेला असावा. विजेचे खांब आणि डीपी (रस्त्याकडेच्या विजेच्या पेट्या) यांच्यापासून लांब राहा. ओल्या जमिनीत करंट उतरला की अनवाणी कुत्र्याला आधी बसतो. घरी आल्यावर बोटांच्या मधली जागा आणि कान कोरडे करा. जुहूला नेत असाल तर पावसाळ्यात वाळूवर डांबराचे गोळे येतात आणि निळ्या फुग्यासारखे जीव वाहून येतात. हे जीव मेलेले असले तरी डंख मारतात आणि कुत्र्याला नेमके तेच हुंगायचे असतात.

गोचिड्या आठवड्यातून एकदा शोधा: कानाच्या आत, मानेखाली, बोटांमध्ये. खाणं सुटलं, ताप, हिरड्या पांढुरक्या, नाकातून रक्त, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी रक्ततपासणी. घरातल्या तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्या देऊ नका.

आवाजाची तयारी जुलैत सुरू करा. आमच्या खालून गणपतीच्या आगमनाच्या मिरवणुका चतुर्थीच्या कितीतरी आधीपासून जातात, त्यामुळे ऑगस्टमध्ये सुरू करून उशीर होतो. फोनवर ढोल-ताशा लावा, इतका हळू की फक्त कान हलेल. तेव्हा जेवण द्या. दोन-तीन दिवसांनी एक काडी आवाज वाढवा. कान मागे, शेपूट आत, खाणं बंद झालं तर दोन काड्या खाली. फटाक्यांचंही असंच. प्रत्यक्ष दिवशी लवकर फिरवून आणा, आतली खोली, पंखा, खिडक्या बंद. घाबरून मांडीत आलं तर येऊ द्या. जवळ घेतल्याने भीती वाढते हा गैरसमज आहे. थरथरणं, लाळ गळणं इतकं असेल तर डॉक्टरला पंधरा दिवस आधी विचारा. ऐन लक्ष्मीपूजनाच्या रात्री कुणी फोन उचलत नाही. आणि त्या दिवसांत पट्टा व हार्नेस दोन्ही, बिल्ल्यासह. घाबरलेलं कुत्रं एका झटक्यात निसटतं.

टप्पा ९ : सातव्या महिन्यातला बंडखोर

सगळं नीट चाललेलं असतं आणि साधारण सात महिन्यांना कुत्रं बहिरं होतं. 'धाव' म्हटलं की आपल्याकडे बघून दुसरीकडे जातं. हे वय आहे, वर्ष-सव्वा वर्षापर्यंत चालतं. नवीन काही शिकवू नका. लांब दोरी पुन्हा आखूड करा, खाऊ पुन्हा खिशात, टप्पा तीनपासून पटापट उजळणी. नसबंदीचं योग्य वय मिक्समध्ये आकारावर ठरतं, ते डॉक्टरकडे बोला.

एवढं करूनही माणसांवर धावून जाणं, सूचना न देता चावणं, एकटं राहिल्यावर स्वतःला जखमा करणं यातलं काही असेल तर प्रशिक्षक घ्या, तोही तपासून. तुम्हाला खोलीबाहेर थांबायला सांगत असेल, किंवा कुत्रं न्या आणि महिन्याने शिकवून परत देतो म्हणत असेल, तर उपयोग नाही, कारण सवय तुमच्याबरोबर लागायला हवी. आणि आल्या आल्या पिशवीतून चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) काढली, तर चहा पाजा आणि परत पाठवा.